थोरली बंदूक

आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांत दोन जाती आहेत. एक, बंदूक पाहायला मागणारे; आणि दुसरी, घरात बंदूक आहे हे कळताच चहा घाईघाईने संपवणारे. दुसऱ्या जातीच्या पाहुण्यांचा मला फारसा त्रास नाही. पहिल्या जातीचे मात्र बंदूक पाहून थांबत नाहीत. हातात घेतात, खांद्याला लावतात, एक डोळा मिटून आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर नेम धरतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात, "किती वाघ मारले हिने?"

"माझ्या हातून एकही नाही," असे मी सांगितले की त्यांचे तोंड उतरते. जणू मी त्यांना जेवायला बोलावून नुसते पाणीच पुढे ठेवले!

ही बंदूक माझ्या मामांची. चोपड्याला त्यांचे कापसाचे जिनिंग होते. १९५८ च्या हंगामात कापसाला बरा भाव मिळाला आणि मामा मुंबईला गेले ते ही रायफल घेऊनच परतले. मामींच्या मनात त्याच पैशांतून पाटल्या करायच्या होत्या. पुढे जन्मभर मामी या रायफलीला 'माझ्या पाटल्या' म्हणत. "माझ्या पाटल्यांना तेल घातलंत का?" असे त्या मामांना विचारीत, आणि मामा मुकाट्याने कपाट उघडीत. मामांजवळ त्याआधीची एक बारा बोअरची दुनळी होती. तेव्हापासून दुनळीचे नाव 'धाकटी' पडले आणि रायफल झाली 'थोरली'.

हे नाव मामांनी गमतीने दिले असले तरी ते अगदी बरोबर होते. रायफलीचा बोअर .३७५ मॅग्नम. 'मॅग्नम' हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थच मुळी थोर, मोठा. शॅम्पेनची दुप्पट मापाची जी बाटली असते तिलाही मॅग्नम म्हणतात, आणि ठासून भरलेल्या काडतुसाला इंग्रज बंदूकवाल्यांनी हेच नाव लावले. त्या काळी मुंबई राज्यात दारूबंदी असल्यामुळे बाटलीचा मॅग्नम मामांनी पाहिला असण्याचा संभव नाही. काडतुसाचा मात्र त्यांना कंठस्थ होता. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीने १९१२ साली हे काडतूस काढले. आफ्रिकेतला गवा, सिंह, वेळ पडली तर हत्ती, अशा जनावरांसाठी. मामांची रायफल त्या पेढीची नव्हे; तेवढी ऐपत जिनिंगवाल्याची कुठून असणार? ती अमेरिकन विंचेस्टर, मॉडेल ७०. पण काडतूस तेच.

या काडतुसाची गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ग्रॅम. सराफाच्या भाषेत दीड तोळ्याहून थोडी जास्त. नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास असतो; आवाजाच्या वेगाच्या दुपटीहून अधिक. म्हणजे ज्याला गोळी लागायची त्याला बार ऐकू येण्याआधीच ती लागलेली असते. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या घरी जी .३१५ ची देशी रायफल दिसते, तिच्या जवळजवळ दुप्पट जोर या गोळीत. काडतुसाच्या बुडाशी पितळेचा एक उठावदार पट्टा असतो, आणि वरचा भाग तोंडाकडे निमुळता होत जातो. मामांनी एकदा एक काडतूस उकलून आम्हा पोरांना आतली दारू दाखवली होती. मला भुकटी दिसेल असे वाटले होते. निघाल्या त्या काड्या, आमच्या मामींच्या हातच्या शेवयांसारख्या! त्याला कॉर्डाइट म्हणतात. कडक उन्हात ही दारू जास्तच भडकते, काडतूस फुगून नळीच्या बुडात घट्ट बसते आणि ऐन वेळी बाहेर निघत नाही. समोर जनावर, आणि रिकामे काडतूस अडकलेले! म्हणून ते निमुळते केलेले; सैल होऊन चटकन निघावे. साहेबाने हे आफ्रिका आणि हिंदुस्थान डोळ्यांपुढे ठेवून केले. जळगाव-भुसावळचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला या शहाणपणाची किंमत निराळी सांगायला नको.

थोरलीचा बार मी पहिल्यांदा उडवला तो १९७० साली, अठराव्या वर्षी. सातपुड्याच्या पायथ्याशी एका नाल्याच्या उंच दरडीवर मामांनी चुन्याने ताटलीएवढा गोल काढला आणि शंभर पावले मोजून मला उभे केले. नऊ पौंडांची रायफल पहिल्या मिनिटाला जड वाटत नाही. तिसऱ्या मिनिटाला वाटते. "दस्ता खांद्यात रुतव. सैल धरलीस तर ती तुला मारील," मामा म्हणाले. "आणि चाप ओढू नकोस. लिंबू पिळतोस ना, तसा दाब." मी दाबला. पुढे काय झाले ते मला क्रमाने सांगता येत नाही. कोणीतरी खांद्यावर मुसळ घातले, आभाळ थोडे मागे सरकले आणि सातपुड्याने तो आवाज एका दरीतून दुसऱ्या दरीत लोटीत नेला. गोल शाबूत होता. त्याच्या वीतभर उजवीकडे दरडीला माझे डोके जाईल एवढे भगदाड पडले होते. मामांनी ते पाहिले आणि इतकेच म्हणाले, "पहिल्याला हे ठीक आहे. पण वाघाला वीतभर उजवीकडे लागून चालत नाही."

हे वाक्य कुठून आले होते ते मला ठाऊक होते. ती हकीकत सांगण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

आज खानदेश म्हटले की केळी, कापूस, भरीत आणि ऊन एवढेच डोळ्यांपुढे येते. पण एके काळी हा मुलूख वाघांचा होता. १८८० साली छापलेल्या खानदेश गॅझेटिअरात नोंद आहे की १८२२ साली तीन महिन्यांत हिंस्र जनावरांनी इथे पाचशे माणसे आणि वीस हजार गुरे मारली. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत आणि दुष्काळात गावे उठली, शेते रानात गेली आणि रानात वाघ आले. त्याच्याही आधी तीन वर्षे, २८ एप्रिल १८१९ रोजी, जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या डोंगरात वाघाच्या मागे हिंडत असताना त्याला दरीपलीकडे झाडोऱ्यात एक कोरीव कमान दिसली. तीच अजिंठ्याची दहा क्रमांकाची लेणी. साहेबाने आपले नाव आणि तारीख तिथल्या रंगीत खांबावर खरडून ठेवली आहे. आज ते नाव माणसाच्या डोक्याहून उंच दिसते, कारण तेव्हा लेणी गाळाने भरलेली होती आणि साहेब त्या गाळावर उभा होता. वाघ त्याला मिळाला की नाही कोण जाणे!

मग १८२५ साली धरणगावला आला जेम्स औट्रम. भिल्लांची पलटण उभारायला कंपनी सरकारने त्याला पाठवले होते. भिल्लांचा विश्वास त्याने बराचसा शिकारीतून मिळवला, असे म्हणतात. दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी खानदेशात दोनशेच्या घरात वाघ लोळवले. चाळीसगावाहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला त्याचे नाव आहे, आणि आज त्याच डोंगरातल्या अभयारण्याचेही नाव गौताळा-औटरामघाट असे आहे. ज्याने वाघ संपवले त्याच्या नावाचे अभयारण्य! मला याचे हसू येते. पण औट्रमवर मी चिडू शकत नाही. त्याच्याजवळ ठासणीची बंदूक होती. एक बार उडाला की पुन्हा दारू, गोळी, गज. तोवर वाघाने काय करायचे ते करून घ्यावे. त्याच्यापुढे वाघ होते आणि मागे भेदरलेली गावे होती. आमच्या मामांच्या पिढीपुढे वाघ थोडे होते आणि मागे जीप उभी होती.

तर ती १९६४ ची गोष्ट. जानेवारी महिना. मी बारा वर्षांचा. त्या काळी जंगलखात्याकडून परवाना काढून शिकारीसाठी जंगलाचा ठराविक भाग काही दिवस घेता येई. मामांनी चोपड्याच्या उत्तरेला असा एक भाग घेतला होता आणि सोबतीला जळगावचे एक बडे गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते. रेडकू बांधले, मचाण बांधले. मचाणावर मान पाहुण्यांचा. त्यांच्याजवळ दुनळी होती आणि दुनळीत वाघासाठी भरलेली एकेरी गोळी. संध्याकाळी दिवेलागणीला बार ऐकू आला. मग दुसरा. थोड्या वेळाने पाहुणे टॉर्चच्या उजेडात डेऱ्यावर आले. "लागली," म्हणाले. "दोन्ही लागल्या."

सकाळी माग काढला. माग काढणारा एक पावरा म्हातारा होता. मामा त्याला 'बाबा' म्हणत. त्याला रक्त सापडले. त्यात पोटातली घाणही होती. गोळी मागे, पोटात लागली होती. वाघ चालत नाल्यातल्या बोरीच्या जाळीत गेला होता. म्हातारा परत येऊन मामांपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "वाघ मरेल नही, भाऊ."

पाहुण्यांना त्याच दिवशी दुपारी जळगावला कोर्टाचे काम निघाले. ते खरेही असेल. ते जीपमध्ये बसून गेले. जाताना मामांना म्हणाले, "सापडला तर निरोप द्या."

मामा त्या दिवशी गेले नाहीत. जखमी वाघाच्या मागे लगेच जाऊ नये. त्याला आखडू द्यावे, असा शिकाऱ्यांचा रिवाज. पण वाट पाहायची म्हणजे काय ते मी त्या रात्री पाहिले. मामा जेवले नाहीत. शेकोटीपाशी थोरली मांडीवर घेऊन बसले आणि मधून मधून नाल्याच्या दिशेला कान देत राहिले. खालच्या पाड्यावरची गुरे दुसऱ्या दिवशी त्याच नाल्यावर पाण्याला जाणार होती. गुरांमागे माझ्याएवढी पोरे. आणि तिकडे जाळीत पोटात गोळी घेऊन पडलेले ते जनावर. मामांना कोणाची जास्त काळजी वाटत होती ते मला कळले नाही. मला वाटते, दोघांचीही.

पहाटे ते आणि म्हातारा दोघेच गेले. धाकटी त्यांनी डेऱ्यावर ठेवली. मी चहाच्या भांड्याजवळ बसून राहिलो. साडेआठ-नऊला एकच बार झाला. दुनळीचा आवाज रुंद असतो. हा तसा नव्हता. कापड टरकन फाटावे आणि मागून डोंगर कोसळावा, तसा. मग काही नाही. स्वयंपाक्याच्या हातातला पेला तसाच राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. म्हाताऱ्याची आरोळी आली तेव्हा स्वयंपाकी खाली बसून रडायला लागला.

वाघ दहा-बारा पावलांवरून उठला होता, असे मामांनी नंतर सांगितले. गोळी छातीत शिरली आणि तो जागीच बसला. "धाकटी असती तर तो माझ्यापर्यंत आला असता," ते म्हणाले. "मेलाही असता. पण माझ्या अंगावर."

त्या एका वाक्यात मॅग्नमचे सारे प्रयोजन आले आहे. शांतपणे, नेम धरून, अनोळख्या वाघाला मारायला एवढी मोठी बंदूक लागतच नाही. जिम कॉर्बेटने १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो .२७५ च्या हलक्या रायफलीने. गोळी कुठे लागते याला महत्त्व; केवढी लागते याला नव्हे. मोठी गोळी लागते ती दुसऱ्याचा अर्धवट टाकलेला बार पुरा करायला, काट्याकुट्यांतून, धावून येणाऱ्या जनावराला जागच्या जागी थांबवायला. मामा तिला म्हणूनच 'निस्तरायची बंदूक' म्हणत.

आता गंमत ऐका. शिकारीचा असा संकेत आहे की ज्याच्या गोळीने पहिले रक्त काढले, जनावर त्याचे. मग ती गोळी शेपटीला का लागलेली असेना! त्याप्रमाणे ते कातडे जळगावला गेले. पुढे कितीतरी वर्षे मी ते त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात पाहत असे. डोक्यासकट, काचेचे डोळे बसवलेले. गृहस्थ पाहुण्यांना हकीकतही सांगत, आणि चांगली सांगत. मामांना मी एकदा चिडून विचारले, "तुम्ही बोलत का नाही?" ते म्हणाले, "अरे, कातडं त्यांचं. रात्र माझी."

त्यानंतर शिकारीचे दिवसच भराभर मावळले. १९६९ साली यावलच्या जंगलाचे अभयारण्य झाले. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प. मामांनी कुरकुर केली नाही. मी पाहिलेले काही शिकारी आपली सद्दी संपली म्हणून सरकारला शिव्या देत. मामा एवढेच म्हणत की दहा वर्षे आधी करायला हवे होते. ते १९८७ साली गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. मामींनी संमती लिहून दिली, कागद फिरले, आणि थोरली माझ्या नावावर होऊन धुळ्याला आली. धाकटी एका शेतकऱ्याला विकली. ती बिचारी रानडुकरांना हाकलण्याच्या कामी आली.

तेव्हापासून मी तिचा मालक आहे, म्हणजे काय, तर कारकून आहे. परवान्याचे नूतनीकरण, मुदतीच्या तारखा, काडतुसांचा हिशेब. निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जाऊन बसते आणि निकालानंतर परत येते. माझी बायको म्हणते, एवढ्या वेळा तर मी माहेरी गेले नाही. ठाण्यातून परत आली की नळीत गंज चढला आहे का ते मी पाहतो, चिंधी फिरवतो, तेल घालतो. मामांच्या पश्चात तिचे एकूण सहाच बार झाले. तेही चांदमारीच्या मैदानावर, रीतसर परवानगीने, दारू अजून जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी. जिवंत होती. माझ्या खांद्याने दोन दिवस साक्ष दिली. आता अकरा काडतुसे उरली आहेत. भुसावळजवळ वरणगावच्या कारखान्यात सैन्यासाठी काडतुसे बनतात. पण आमच्या थोरलीच्या मापाचे काडतूस सातासमुद्रापलीकडचे, आणि ते आणणे आता माझ्यासारख्याच्या आवाक्यातले नाही.

एकदाच या अकरांकडे मी निराळ्या नजरेने पाहिले. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात, गिरणाकाठच्या गावांत एक बिबट्या माणसांवर उठला. मेलेल्यांत बायका होत्या, मुले होती. कापूस वेचणीचे दिवस. वाकलेली बाई बिबट्याला जनावराएवढीच दिसते. वेचणीला बाया येईनात, आणि कापूस तर झाडावर थांबत नाही. तिकडच्या गावात माझ्या भाचीचे सासर आहे. एका रात्री तिचा फोन आला. "मामा, तुमच्याकडे मोठी बंदूक आहे ना?" तिच्या मागे बायकांचे बोलणे ऐकू येत होते.

मी तिला कायदा सांगितला. नरभक्षक ठरवायचा तो वनखात्याने, मारायची परवानगी द्यायची तीही त्यांनीच, आणि ज्याला दिली त्यानेच मारायचा. माझ्या परवान्यावर मला तिथे बंदूक घेऊन उभेही राहता येणार नाही. मी पासष्ट वर्षांचा, रात्री मोटार चालवताना समोरचे दिवे दोनाचे चार दिसतात. हे सारे खरे होते. ती म्हणाली, "बरं मामा." ज्या स्वरात म्हणाली तो स्वर मला आवडला नाही.

त्या रात्री मी कपाट उघडले नाही. उघडले असते तर काडतुसे मोजत बसलो असतो. मला मामांची शेकोटी आठवत होती. पण मामांनी त्या जंगलाची पायवाट अन् पायवाट पाहिली होती, आणि त्यांच्यापुढे पावरा म्हातारा होता. माझ्यापुढे कोण होते? रात्री उसाच्या फडाच्या कडेला अंधारात काहीतरी हलले आणि माझ्यासारख्याने बार टाकला, तर तो बिबट्याच असेल कशावरून? आणि असलाच, पण वीतभर उजवीकडे लागली, तर ती जखम निस्तरायला मागे दुसरा कोण? डिसेंबरात परवानगी मिळालेल्या शिकाऱ्याने त्या बिबट्याला गोळी घातली. भाचीने फोन करून कळवले. वेचणी पुन्हा सुरू झाल्याचेही तिनेच सांगितले.

वाघही परतले आहेत बरे का! मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याच्या बाजूला त्यांचा वावर आहे. तो टापू २०१४ साली मुक्ताई-भवानी या नावाने राखीव झाला. केळीच्या बागेत वाघ म्हणजे औट्रमलाही नवलच वाटले असते.

आता प्रश्न आहे तो थोरलीच्या पुढच्या मुक्कामाचा. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. सत्तरी ओलांडलेल्याला आपले शस्त्र वारसाच्या नावे करून देता येते. मुलगा पुण्याला पाचव्या मजल्यावर राहतो, तो म्हणाला, "बाबा, इथे सोसायटीत कुत्रा पाळायलासुद्धा सभा घ्यावी लागते." विकावी, तर दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकून मामींचा आत्मा पाटल्यांसाठी पुन्हा तळमळला असता. सरकारजमा केली, तर आणखी शंभर जुन्या बंदुकांबरोबर एके दिवशी ती कापली जाईल. हा विचार माझ्याने होत नाही. लोखंडावर माया करणे वेडेपणाचे, हे मला कळते. पण चाकावरची जुनी भांडी आपण मोडीत घालतो, आईची पूजेची घंटा घालत नाही.

मधूनच नात पुढे झाली. ती कॉलेजच्या रेंजवर एअर रायफल मारते. तिची छर्ऱ्याची गोळी नखाएवढी आणि लक्ष्याचा मधला ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलीत कांस्यपदक मिळवले तेव्हा घरात सर्वांत मोठी आरोळी तिचीच होती. तोही .२२ चाच खेळ; त्याची गोळी अडीच-पावणेतीन ग्रॅमची. थोरली हातात घेऊन तिने वजन पाहिले, माशी पाहिली, चाप रिकामा दाबून पाहिला. म्हणाली, "आजोबा, चाप फार छान आहे. पण ही मारायची कशावर?"

मी तिला १९६४ ची हकीकत सांगितली. पहिल्यांदाच, पुरी. ती ऐकून घेतली आणि तिने मला वाटला नव्हता तो प्रश्न विचारला, "त्या पावरा आजोबांच्या हातात काय होतं?"

कुऱ्हाड होती. मामांनी मला ते सांगितले होते, आणि मी आजवर ती हकीकत कोणालाही सांगताना कुऱ्हाडीचा उल्लेख केला नव्हता.

नातीला या श्रावणात एकवीस पुरी झाली. तिने अर्ज केला आहे. परवा चौकशीला हवालदार आले होते; चहा घेऊन त्यांनी विचारले, "ताई, कारणाच्या रकान्यात काय लिहू?" मामांच्या १९५८ च्या परवान्यात 'शिकार व पीकसंरक्षण' असे आहे, माझ्यात 'वारसा'. तिने 'वारसा' हेच लिहायला सांगितले. अकरा काडतुसे मात्र तिला नको आहेत. ती दुकानात रीतसर जमा करून पावती आणायची आहे. दिवाळीनंतर एखादा दिवस पाहून मी जाऊन येईन.